पैसे मागणारा फोन: ऊद मेथा ते मीरा रोड

दुबईतल्या ऊद मेथात राहणाऱ्या मराठी कुटुंबाचं आयुष्य तीन गोष्टींवर उभं असतं: निवासाचा व्हिसा, एमिरेट्स आयडी आणि बँकेतलं खातं. तिन्ही एकमेकांत गुंतलेली. एक अडकलं की नोकरी, घरभाडं, मुलांची शाळा असं सगळंच अडकतं. १९६१ साली सुरू झालेलं इंडियन हायस्कूल या भागात आहे, १९६४ साली स्थापन झालेला इंडिया क्लब इथेच आहे, रशीद हॉस्पिटल जवळ आहे आणि मेट्रोची ग्रीन लाइन हाताशी आहे. त्यामुळे मुलं शाळेत जाणारी असली की कितीतरी भारतीय कुटुंबं इथे घर बघतात. कुटुंबाचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे आई-बाबा, सासू-सासरे, साताऱ्याला किंवा सांगलीला असतो, घड्याळात दीड तास पुढे.

पैसे मागणारा खोटा फोन नेमका या दोन ठिकाणी येतो. इकडे कागदपत्रांची धास्ती, तिकडे लेकराची काळजी. फसलेल्या माणसाला आपण नंतर सहज विचारतो, 'एवढं कसं कळलं नाही?' विचारणाऱ्याला तो फोन कसा रचलेला असतो हे माहीत नसतं. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात, शेकडो माणसांवर वापरून पक्क्या झालेल्या असतात, आणि प्रत्येक पायरीवर समोरच्याकडून एक लहानशी गोष्ट मान्य करून घेतलेली असते. म्हणून त्या पायऱ्या एकेक करून नीट बघू.

सुरुवात नंबरापासून करू, कारण पहिला विश्वास तिथेच बसतो. पडद्यावर दुबई पोलिसांचा किंवा भारतीय वाणिज्य दूतावासाचा नंबर दिसतो. गूगलवर शोधला तर तोच निघतो. मग खोटं कसं असेल? आपण फोन लावतो तेव्हा आपल्या बाजूची यंत्रणा पलीकडच्या यंत्रणेला कॉलसोबत एक आकडा पाठवते. इंटरनेटवरून कॉल सोडणाऱ्या काही व्यवस्थांमध्ये हा आकडा पाठवणाऱ्यालाच भरता येतो, आणि घेणारी कंपनी बहुतेक वेळा तो आला तसा दाखवते. म्हणजे दूतावासाचा नंबर दिसला याचा अर्थ कोणीतरी तो नंबर भरला, इतकाच. हा प्रकार किती मोठा आहे, हे भारताच्या दूरसंचार विभागाच्या एका आकड्यावरून कळतं. परदेशातून येणारे पण भारतीय नंबर दाखवणारे खोटे कॉल अडवण्याची यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या २४ तासांतच तिने सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल पकडले.

यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की खोटा नंबर एकाच दिशेने चालतो. भामटा दूतावासाचा नंबर दाखवू शकतो, पण तुम्ही फोन ठेवून तोच नंबर स्वतः दाबलात तर फोन खऱ्या दूतावासातच वाजतो. सगळ्या बचावाचा पाया हा आहे. आलेल्या फोनवर बोलत राहायचं नाही. तो ठेवायचा आणि आपण शोधलेल्या नंबरावर आपण फोन करायचा. त्याने दिलेल्या नंबरावर नाही, त्याने जोडून दिलेल्या 'वरिष्ठ अधिकाऱ्या'शी नाही.

मेसेजचंही असंच आहे. पाठवणाऱ्याच्या जागी आकड्याऐवजी नाव टाकता येतं, आणि फोन एकाच नावाचे सगळे मेसेज एकाखाली एक लावतो. त्यामुळे खऱ्या दंडाच्या, खऱ्या पार्सलच्या मेसेजखालीच खोटा मेसेज येऊन बसू शकतो. वर खरा आहे म्हणून खालचा खरा, असं समजायला जागा नाही.

दुसरी पायरी म्हणजे 'यांना माझी सगळी माहिती आहे' असं वाटायला लावणं. फोनवरचा माणूस नाव सांगतो, कंपनी सांगतो, आणि मग म्हणतो, 'आप का एमिरेट्स आयडी ७८४ से शुरू होता है, उन्नीस सौ पचासी, सही है?' ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण एमिरेट्स आयडीचे पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखेच असतात. ७८४ हा अमिरातीचा आंतरराष्ट्रीय देश-क्रमांक आहे. पुढचे चार आकडे म्हणजे जन्माचं वर्ष. पंधरापैकी सात आकडे त्याने तुमच्या वयावरून सांगितले. उरलेले आठ तो तुमच्याकडूनच वदवून घेणार असतो: 'बाकी का नंबर कन्फर्म कीजिए.' नाव आणि कंपनी तर नोकरीच्या संकेतस्थळावर टाकलेल्या बायोडेटात, विकायच्या सोफ्याच्या जाहिरातीत, दुकानात दिलेल्या झेरॉक्समध्ये कुठेही मिळतात. ओळख पटवायची जबाबदारी फोन करणाऱ्याची आहे, हे घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवं. तो कितीही माहिती सांगो, त्याला दुजोरा द्यायचा नाही.

तिसरी पायरी भीतीची. दुबईत ती तीन-चार ठरावीक शब्दांत येते: केस लागली आहे, ट्रॅव्हल बॅन लागेल, व्हिसा कॅन्सल होईल, कार्ड ब्लॉक होईल. हे शब्द आखातात राहणाऱ्यांना रोजच्या ओळखीचे असतात, म्हणूनच ते लागतात. अबू धाबीतला भारतीय दूतावास आणि दुबईतला वाणिज्य दूतावास यांनी याबद्दल वेळोवेळी सावध केलं आहे: दूतावासाच्या नावाने कोणी फोन करून इमिग्रेशनच्या कागदांत चूक आहे, पैसे भरा म्हणेल, तर तो दूतावास नाही. २०२३ मध्ये तर 'एम्बसी हेल्प' अशा नावाचं एक ट्विटर खातंच अडचणीतल्या भारतीयांना मायदेशी पाठवतो म्हणून पैसे मागत होतं, आणि त्यापासून दूर राहा असं दूतावासाला जाहीर करावं लागलं.

खरी केस आहे का, हे बघायची सोय सरकारने दिलेली आहे. पैशांच्या प्रकरणात आपल्यावर दुबईत काही नोंद आहे का, हे दुबई पोलिसांच्या ॲपवर स्वतः तपासता येतं. व्हिसाबद्दल शंका असेल तर दुबईच्या इमिग्रेशन खात्याचा 'आमेर' नंबर ८०० ५१११ आहे. दहा मिनिटांचं काम आहे. पण भामट्याला तुम्हाला ती दहा मिनिटंच द्यायची नसतात, आणि इथून चौथी पायरी सुरू होते.

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, म्हणून इथे जरा थांबतो. फोनवरचा माणूस म्हणतो: लाइन कापू नका. घरात कोणाला सांगू नका, हे गोपनीय आहे. नवऱ्याला फोन केलात तर तोही अडकेल. दार बंद करून बसा. वरवर हे धमकीचंच पुढचं वाक्य वाटतं. खरं तर सगळा डोलारा याच वाक्यावर उभा असतो. घाबरलेला माणूस एकटा असतो तोवरच त्या गोष्टीवर विश्वास ठेवतो. दुसऱ्या माणसाला ती सांगायला लागला की सांगता सांगताच तिच्या फटी दिसू लागतात. 'अगं, पोलीस फोनवर पैसे कशाला मागतील?' एवढं एक वाक्य पलीकडून आलं तरी पुरतं. म्हणून भामटा माणसाला आधी घरापासून तोडतो आणि मग पैशांचं बोलतो. फोन सकाळी, कामाच्या वेळी का येतात, याचंही उत्तर यात आहे. नवरा किंवा बायको ऑफिसात, मुलं शाळेत, घरात एकटं माणूस.

शेवटची पायरी पैशांची. मार्ग बदलतात, त्यामागचा विचार बदलत नाही: पैसे झटकन जावेत आणि परत फिरवता येऊ नयेत. कधी ओटीपी मागतात, कधी 'मदतीसाठी' म्हणून फोनचा पडदा दाखवणारं ॲप उतरवायला लावतात, कधी यूएई पासवर आलेली विनंती मंजूर करायला सांगतात, कधी एक्स्चेंज हाउसमधून कोणाच्या तरी नावाने रक्कम पाठवायला लावतात. अमिरातीतल्या बँकांनी जुलै २०२५ पासून एसएमएसवरचा ओटीपी टप्प्याटप्प्याने बंद करून व्यवहाराची मंजुरी बँकेच्या ॲपमध्ये आणायला सुरुवात केली. हे चांगलं झालं. पण ॲपमध्ये 'मंजूर' दाबणारं बोट आपलंच असतं, आणि घाबरवून ते दाबून घेणं अजूनही शक्य आहे.

ही सगळी रचना दुबईत जन्मलेली नाही. ती कशी घडली हे समजायला ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोडला जावं लागतं.

ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. सातशेहून अधिक तरुण-तरुणी एकाच रात्री ताब्यात घेतले गेले. त्यांतल्या सुमारे सत्तर जणांना अटक झाली. ही मुलं अमेरिकन नागरिकांना फोन करत होती. 'आम्ही इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिसमधून, म्हणजे प्राप्तिकर खात्यातून बोलतोय, तुमचा कर थकला आहे, अर्ध्या तासात पोलीस दारात येतील', असं सांगून पैसे उकळले जात. पैसे कसे? समोरच्या माणसाला दुकानात जाऊन आयट्यून्सची गिफ्ट कार्डं विकत घ्यायला लावायचं आणि कार्डांवरचे आकडे फोनवर वाचून घ्यायचे. दुकानात जाऊन येईपर्यंत फोन चालू ठेवायचा. काय बोलायचं याची संहिता लिहून दिलेली असे. पहिला फोन एकाने घ्यायचा, घाबरलेला माणूस दुसऱ्या मुरलेल्या बोलणाऱ्याकडे सोपवायचा, अशी कामाची वाटणी होती.

छाप्याच्या तीनेक आठवड्यांनी अमेरिकेच्या न्याय खात्याने अहमदाबादच्या कॉल सेंटरांशी जोडलेल्या अशाच जाळ्याबद्दल ६१ व्यक्ती आणि संस्थांवर आरोपपत्र उघड केलं. जुलै २०१८ मध्ये त्यात २१ जणांना तिकडे शिक्षा झाल्या, सर्वांत मोठी २० वर्षांची. मीरा रोड प्रकरणात पोलिसांनी ज्याला मुख्य आरोपी मानलं तो तरुण दुबईला निघून गेला होता. एप्रिल २०१७ मध्ये तिथून येताना तो मुंबई विमानतळावर पकडला गेला.

हे तपशील इतके सांगितले त्याला कारण आहे. प्राप्तिकर खात्याच्या जागी दुबई पोलीस ठेवा, गिफ्ट कार्डाच्या जागी ॲपमधली मंजुरी ठेवा. बाकी फोन तोच आहे. सरकारी अधिकारी, अटकेची धमकी, घड्याळाचा धाक, वरिष्ठाकडे जोडणं, लाइन न कापू देणं. एकदा हा साचा ओळखता आला की नवा फोन कोणत्या खात्याच्या नावाने आला याने फरक पडत नाही.

आता कुटुंबाच्या दुसऱ्या टोकाकडे, महाराष्ट्रातल्या घराकडे वळू. तिथे याच साच्याला 'डिजिटल अरेस्ट' असं नाव मिळालं आहे. भारताच्या कायद्यात असा अटकेचा प्रकारच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे मुद्दाम सांगितलं, पण त्याच सुमारास मुंबईतलं एक प्रकरण वर्तमानपत्रांत आलं. ७७ वर्षांच्या एका बाईंना फोन आला की तुमच्या नावाने तैवानला चाललेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत. मग व्हिडिओ कॉलवर बनावट पोलीस अधिकारी. तो कॉल चोवीस तास चालू ठेवायला लावला, महिनाभर. 'चौकशीसाठी पैसे जमा करा, निर्दोष ठरलात की परत' असं सांगितलं गेलं, आणि विश्वास बसावा म्हणून सुरुवातीला १५ लाख रुपये खरोखर परतही पाठवले. शेवटी ३ कोटी ८० लाख रुपये गेले. नंतरचे पैसे परत येईनात तेव्हा त्या बाईंनी परदेशात राहणाऱ्या मुलीला फोन केला. मुलीने पहिल्याच बोलण्यात सांगितलं, आई, ही फसवणूक आहे, पोलिसांना कळव.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त बोचतो तो एक महिना. मुलगी होती, फोन होता, पण मुलीला सांगायचं नाही हे त्या आईच्या मनात पक्कं बसवलेलं होतं. ऊद मेथात राहणाऱ्या लेकीने आणि लेकाने इथे थांबून विचार करावा: माझ्या आईला असा फोन आला तर ती मला सांगेल का? की 'पोरगी कामात असेल, तिला कशाला त्रास' म्हणून गप्प राहील?

आखातातल्या घरांना एक आणखी अडचण आहे. अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज चालतात, पण व्हॉट्सॲपचे आवाजाचे आणि व्हिडिओचे कॉल बंद आहेत. म्हणून लोक बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप वापरतात. गावाकडच्या आई-बाबांना सवय झालेली असते की मुलाचा व्हॉट्सॲपवर मेसेजच येतो, कॉल येत नाही. अशात अनोळखी नंबरावरून, मुलाचा फोटो लावून मेसेज येतो: 'बाबा, फोन बिघडलाय, हा माझा नवा नंबर. ॲक्सिडेंट झालाय, पोलीस स्टेशनला आहे, लगेच पैसे लागतील.' 'कॉल का करत नाहीस' हा प्रश्न दुसऱ्या घरात पटकन सुचेल. दुबईच्या मुलाच्या बाबतीत तो सुचत नाही. उलट दिशेनेही हे खरं आहे. अमिरातीतल्या तुमच्या फोनवर कोणी व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलवरून वर्दीत दिसत असेल, तर जो कॉल इथे मुळात चालू नाही त्यावर पोलीस चौकशी कशी करतील, एवढं विचारलं तरी पुरे.

मुलाचा आवाज ऐकू आला तरी आता खात्री मानता येत नाही. समाजमाध्यमांवरच्या व्हिडिओतून काही सेकंदांचा आवाज उचलून त्यावरून संगणकाने तसाच आवाज तयार करता येतो. रडत, तुटक बोलत असलेला आवाज तर ओळखणं फारच कठीण. यावर घरगुती उपाय आहे आणि तो चांगला चालतो. कुटुंबाने एक प्रश्न ठरवून ठेवायचा, ज्याचं उत्तर फेसबुकवर नाही आणि कागदपत्रांतही नाही: आजोळच्या गाईचं नाव, लहानपणी पडून दात कुठे तुटला, आजी कोणत्या नावाने हाक मारायची. संकटाचा फोन आला की आधी हा प्रश्न. उत्तर देता आलं नाही, किंवा 'ही वेळ आहे का असं विचारायची' असा राग आला, तर फोन ठेवायचा. मग मुलाच्या जुन्या, साठवलेल्या नंबरावर साधा फोन लावायचा. लागला नाही तर सुनेला, तिलाही नाही लागला तर दुबईतल्या शेजाऱ्यांना. यासाठी आई-बाबांकडे दुबईतल्या निदान दोन माणसांचे नंबर कागदावर लिहिलेले हवेत. फोनमध्ये साठवलेले घाबरल्यावर सापडत नाहीत.

ही तयारी करताना एक गोष्ट तोंडाने स्पष्ट बोलायला हवी. आईला सांगा: 'आई, फोनवर कोणी कितीही मोठा साहेब असला तरी तू फोन ठेवलास तर मी तुला कधीच बोलणार नाही. आणि चुकून पैसे गेले तरी रागावणार नाही. फक्त त्याच क्षणी मला सांग.' आपल्या घरांत वडीलधारी माणसं पोलीस, कोर्ट, बँक अशा नावांपुढे फोन ठेवणं हा उद्धटपणा समजतात. त्यांना ती मोकळीक आपण द्यावी लागते. पैसे गेल्यावर रागावण्याची भीती तर त्याहून मोठी. अनेक माणसं पहिले काही तास लाजेने गप्प बसतात, आणि पैसे वाचण्याची शक्यता त्याच तासांत संपते.

मुलांशीही बोलावं लागतं. शाळेतून परतलेल्या मुलाने बाबांच्या फोनवर आलेला सहा आकडी कोड कोणाला वाचून दाखवला की व्हॉट्सॲपचं खातं दुसऱ्याच्या हातात जातं, आणि मग तुमच्या नावाने सगळ्या नातेवाइकांना पैशांचे मेसेज जातात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा वेगळा पिन लावून ठेवला तर नुसता कोड मिळून भागत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. आपल्या फोनवर करा, आणि सुट्टीला गावी जाल तेव्हा आई-बाबांच्या फोनवर स्वतःच्या हाताने करा.

पैशांच्या बाबतीत आणखी एक. जानेवारी २०२३ पासून अमिरातीसह दहा देशांतल्या अनिवासी भारतीयांना तिथल्या मोबाइल नंबरावरून एनआरई-एनआरओ खात्यांना यूपीआय जोडण्याची परवानगी मिळाली. सोय मोठी आहे, पण त्यामुळे दुबईतला फोन आणि भारतातलं खातं यांच्यातली अडचणही गेली. आणि कधीकधी अडचणच आपल्याला वाचवते. आई-बाबांच्या आयुष्यभराच्या ठेवी ज्या खात्यात आहेत त्याला यूपीआय जोडू नये, रोजच्या खर्चाचं खातं वेगळं ठेवावं आणि त्यात लागेल तेवढीच रक्कम असावी, हे माझं ठाम मत आहे.

पैसे पुढे कुठे जातात तेही बघायला हवं, कारण तिथेही आपली माणसं सापडतात. भामटा स्वतःच्या नावाच्या खात्यात पैसे घेत नाही. तो दुसऱ्याचं खातं वापरतो: कोणाला थोडे पैसे देऊन, कोणाला 'घरबसल्या काम, खात्यात आलेली रक्कम पुढे पाठवा' असं सांगून. नोकरी शोधत व्हिजिट व्हिसावर आलेला, एका खोलीत सहा जणांबरोबर राहणारा मुलगा याला सहज भुलतो. पोलीस मात्र सर्वांत आधी पोहोचतात ते खात्यावर नाव असलेल्या माणसापर्यंत. बँकेचं कार्ड, खातं किंवा आपल्या नावाचं सिम कोणालाही वापरायला देऊ नका, मित्राला नाही, गाववाल्याला नाही. दुबई पोलिसांनी २०२४ मध्ये जाहीर केलं होतं की फोनवरून फसवणुकीच्या ४०६ प्रकरणांत त्यांनी ४९४ जणांना पकडलं. हे गुन्हे पकडले जात नाहीत, हा समज खोटा आहे.

फोन करणारेही कधीकधी स्वतः अडकलेले असतात. भारताच्या परराष्ट्र खात्याने सप्टेंबर २०२२ मध्ये इशारा दिला होता: थायलंडमध्ये 'डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह'ची नोकरी देतो म्हणून तरुणांना म्यानमारमधल्या फसवणुकीच्या केंद्रांत नेलं जातं, आणि हे एजंट दुबईतले आणि भारतातले आहेत. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी अशा केंद्रांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना दोन दिवसांत परत आणलं. दुबईत मुलाखत घेऊन बँकॉकची नोकरी देणारा कोणी भेटला, तर हा इशारा आठवा.

आता पैसे गेलेच तर काय करायचं. क्रम महत्त्वाचा आहे. पैसे अमिरातीतल्या खात्यातून किंवा कार्डावरून गेले असतील तर पहिला फोन बँकेला: कार्ड बंद, ॲप बंद, व्यवहारावर हरकत. त्यानंतर दुबई पोलिसांच्या 'ई-क्राइम' सेवेवर तक्रार. माहितीसाठी ९०१, जिवाला धोका असेल तरच ९९९. बँकेने लेखी तक्रारीवर नीट उत्तर दिलं नाही तर बँका आणि विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी 'सनदक' ही स्वतंत्र संस्था आहे. कागदपत्रांच्या किंवा इतर अडचणीत भारतीय म्हणून सल्ला हवा असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत नंबर ८०० ४६३४२ आहे.

पैसे भारतातल्या खात्यातून गेले असतील तर १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. हा भारतातून लावायचा नंबर आहे, म्हणून दुबईतल्या मुलाने वेळ न घालवता गावाकडच्या भावाला, बहिणीला तो लावायला सांगावं. तिकडे काय होतं ते समजलं की घाई का करायची ते कळतं. १९३० वर दिलेली माहिती थेट संबंधित बँकेकडे जाते. पैसे अजून त्या खात्यात असतील तर ते तिथे गोठवले जातात, पुढच्या बँकेत गेले असतील तर सूचना तिकडे जाते. भामटे रक्कम तुकडे करून एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवतात आणि शेवटी काढून घेतात. तुमची तक्रार त्या पैशांच्या मागे धावत असते. अर्धा तास उशीर म्हणजे दोन-तीन खाती मागे. फोननंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर रीतसर तक्रार नोंदवून पावतीचा क्रमांक जपून ठेवायचा.

पुरावा म्हणून मेसेज, नंबर, व्यवहाराचे क्रमांक, वेळा सगळं ठेवा. लाजेने काही पुसू नका. मात्र त्या भामट्याचा आवाज किंवा फोटो समाजमाध्यमावर टाकू नका. अमिरातीत २०२१ चा ३४ क्रमांकाचा सायबर गुन्हे कायदा आहे. त्यात परवानगीशिवाय संभाषण ध्वनिमुद्रित करणं, दुसऱ्याचे फोटो पसरवणं हाही गुन्हा ठरू शकतो. पोलिसांना द्या, तेवढं पुरे. काही दिवसांनी 'तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा' असा फोन येईल. तो बहुधा त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून यादी घेतलेल्या दुसऱ्या टोळीचा असतो. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पोलीस फी घेत नाहीत.

२०२४ या एका वर्षात भारतात सायबर फसवणुकीत २२ हजार ८४५ कोटी रुपये गेल्याचं केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं. त्यातला बराच पैसा कोणाच्या तरी आई-बाबांचा आहे. ऊद मेथात राहणाऱ्यांना माझी विनंती एवढीच: येत्या शनिवारी किंवा रविवारी गावी फोन कराल तेव्हा दहा मिनिटं या विषयाला द्या. घरचा प्रश्न ठरवा, १९३० हा नंबर आणि तुमच्या दोन शेजाऱ्यांचे नंबर आईला कागदावर लिहून घ्यायला सांगा, आणि तो कागद फोनजवळच्या भिंतीवर चिकटवायला सांगा.